स्टेज, स्लाइड आणि मी

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते. मी कॉन्व्हेंटवाली. मराठी विभागासाठी लेख देतेय म्हटल्यावर आमच्या ग्रुपमध्ये जो हशा पिकला, तो अजून पूर्ण थांबलेला नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या पोटात घाला. विषय मात्र कामाचा आहे. मी नुकताच आयुष्यातला पहिला टॉक दिला. कॉलेजच्या सेमिनारमध्ये नाही, बाहेर, एका टेक मीटअपमध्ये, अनोळखी लोकांसमोर. त्याची तयारी करताना जे शिकले ते इथे क्रमाने लिहून ठेवतेय, म्हणजे तुमची पाळी आली की माझ्याइतकी धावपळ होणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मीटअप म्हणजे एकाच तंत्रज्ञानाची आवड असलेल्या लोकांनी महिन्यातून एकदा भेटायचं. एखादी कंपनी शनिवारी आपला हॉल देते. फी नाही, हजेरी नाही, चहा-सामोसे असतात. समोर फर्स्ट इयरची मुलंही बसतात आणि पंधरा वर्षं नोकरी केलेले लोकही. बोलणारेही त्यांच्यातलेच. पुण्यातल्या अशाच एका पायथॉन मीटअपला मी आणि माझी रूममेट जायचो, मागच्या रांगेत बसायचो आणि सामोसे खाऊन परत यायचो. एकदा शेवटी आयोजकांनी विचारलं, "पुढच्या महिन्यात पंचवीस मिनिटांचा एक स्लॉट रिकामा आहे, कोण बोलणार?" रूममेटने माझं मनगट धरलं आणि हात वर केला. माझा! झालं. चार आठवडे हातात होते.

१. आधी हिशेब करा

घरी येऊन पहिला विचार आला तो पळून जायचा. ताप आला म्हणून कळवावं, असं जवळजवळ ठरलंच होतं. मग आमच्या एका सीनियर दादाला फोन केला. तो म्हणाला, "हॉलमध्ये खुर्च्या किती असतात?" म्हटलं, चाळीस. "तू किती वेळ बोलणार?" पंचवीस मिनिटं. "गुणाकार कर."

चाळीस गुणिले पंचवीस म्हणजे १००० मिनिटं. सोळा तास चाळीस मिनिटं! एवढा वेळ लोक शनिवारी संध्याकाळी आपल्या हातात देणार. हे कळल्यावर भीती कमी झाली नाही, पण तिची दिशा बदलली. 'माझं हसं होईल का' याऐवजी 'यांचा वेळ वाया जाईल का' हा प्रश्न डोक्यात आला. पहिल्या प्रश्नावर काही उपाय नाही. दुसऱ्यावर आहे, तो म्हणजे तयारी.

आपल्याला सवय असते व्हायवाची. व्हायवामध्ये समोरच्याला उत्तर माहीत असतं आणि आपल्याला येत नाही ते लपवण्यात आपलं सगळं कौशल्य खर्च होतं. टॉक म्हणजे बरोबर उलटं. समोरच्यांना ते माहीत नसतं म्हणून ते आलेले असतात. इथे लपवलं तर नुकसान त्यांचं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं आपोआप समजतं.

२. विषय लहान करा, मग आणखी लहान करा

मी विषय ठरवला 'युनिकोड'. दादा म्हणाला, "पंचवीस मिनिटांत युनिकोड? मग पुढच्या पंचवीस मिनिटांत भारताचा इतिहास सांगशील." मी 'युनिकोड आणि देवनागरी' केलं. तो म्हणाला, अजून मोठं आहे. "विषय नको, प्रश्न आण. ज्याचं उत्तर द्यायचं आहे असा एक प्रश्न."

दोन दिवस डोकं खाजवून मी प्रश्न आणला: 'नमस्कार' या शब्दाची लांबी किती?

प्रश्न बालवाडीतला वाटतो, पण पायथॉनला विचारा. लेन फंक्शन सांगतं ७. कारण कॉम्प्युटर न, म, स, पाय मोडायची खूण, क, काना आणि र हे सगळे सुटे मोजतो. यातल्या प्रत्येकाला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे, त्याला कोड पॉइंट म्हणतात. हाच शब्द यूटीएफ-८ मध्ये फाइलमध्ये साठवला तर लागतात २१ बाइट, कारण त्यात देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला तीन बाइट लागतात. आणि डोळ्यांना ना सात दिसतात ना एकवीस. म्हणजे एकाच शब्दाच्या तीन लांब्या! ही गंमत मला आवडली होती, आणि पंचवीस मिनिटांत ती नीट सांगून होणार होती.

प्रश्न सापडला की आयोजकांना पाठवायची माहिती लिहिणं सोपं जातं. तीनच वाक्यं लिहा: हा टॉक कोणासाठी, यात कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळेल, आणि ऐकणाऱ्याला आधी काय यायला हवं. मी लिहिलं, 'ज्यांनी पायथॉनमध्ये स्ट्रिंग वापरली आहे त्या सर्वांसाठी. युनिकोड माहीत असण्याची गरज नाही.' या शेवटच्या वाक्यामुळे फर्स्ट इयरची चार मुलं आली, हे मला नंतर कळलं.

३. घरी न्यायचं वाक्य

टॉक संपल्यावर लोक बसस्टॉपवर पोहोचेपर्यंत नव्वद टक्के विसरतात. मी तरी विसरते. मग उरलेलं दहा टक्के काय असावं हे आपणच ठरवायचं. एका कागदावर एक वाक्य लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. माझं वाक्य होतं: 'लांबी मोजण्याआधी विचारा, कोणासाठी? डिस्कसाठी बाइट, प्रोग्रॅमसाठी कोड पॉइंट, माणसासाठी अक्षर.'

या वाक्याचा उपयोग मुख्यतः कापायला होतो. मी वाचता वाचता भरपूर गोळा केलं होतं. यूटीएफ-८ ची रचना केन थॉम्पसन यांनी १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीच्या एका साध्या हॉटेलात, रॉब पाइक यांच्यासमोर, जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर मांडली होती. काय भारी गोष्ट आहे! भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे इस्की नावाचं प्रमाण होतं, ते १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आलं. देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागांचा गट मिळाला आहे. हे सगळं खरं, सगळं रंजक. पण यातलं काहीही माझ्या चिकटवलेल्या वाक्याला मदत करत नव्हतं, म्हणून सगळं काढलं. ताटाखालचा कागद काढताना जीव तुटला. म्हणून तो इथे घुसवला आहे, संपादकांनी माफ करावं.

४. सांगाडा आणि घड्याळ

पंचवीस मिनिटं मिळाली तर वीसची तयारी करा. पाच प्रश्नांसाठी ठेवा. वीस मिनिटांची वाटणी मी अशी केली: दोन मिनिटं अडचण दाखवायला, पाच मिनिटं बाइट आणि कोड पॉइंट, सहा मिनिटं डेमो, पाच मिनिटं 'मग आपण कोड कसा लिहायचा', आणि शेवटची दोन पुन्हा त्या एका वाक्यासाठी.

सुरुवात स्वतःच्या ओळखीने करू नका. 'माझं नाव अमुक, मी तमुक कॉलेजला, आज मी आपल्यासमोर...' यात दीड मिनिट जातं आणि लोक फोन काढतात. सुरुवात अडचणीने करा. मी 'श्रीकृष्ण' हे नाव घेतलं. डोळ्यांना तीन अक्षरं: श्री, कृ, ष्ण. कॉम्प्युटरला नऊ कोड पॉइंट आणि सत्तावीस बाइट. आता समजा एखाद्या फॉर्मच्या मागच्या प्रोग्रॅमने नाव दहा बाइटवर तोडलं, तर काय उरेल? 'श', पाय मोडायची खूण आणि 'र' मिळून नऊ बाइट झाले, आणि दहावा बाइट पुढच्या वेलांटीचा एक तृतीयांश तुकडा. स्क्रीनवर येतं 'श्र' आणि त्यापुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन. ज्याचं नाव असं तुटतं, त्याला बाइट-बिट काही माहीत नसतं. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. हे सांगितल्यावर हॉलमध्ये दोन-तीन जण मान हलवताना दिसले, आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं.

५. स्लाइड्स: कमी, मोठ्या, साध्या

माझ्या पहिल्या खेपेत ४१ स्लाइड्स होत्या. शेवटी १५ उरल्या. कशा? प्रत्येक स्लाइडला विचारलं, 'तू नसतीस तर काय बिघडलं असतं?' बहुतेकींना उत्तर देता आलं नाही.

बाकी नियम सोपे आहेत. एका स्लाइडवर एकच मुद्दा. कोड आठ ओळींपेक्षा जास्त नाही. अक्षरांचा आकार एवढा की लॅपटॉप टेबलावर ठेवून दहा पावलं मागे गेलात तरी वाचता यावा. काळ्या पार्श्वभूमीवर गडद निळी अक्षरं आपल्या स्क्रीनवर छान दिसतात, प्रोजेक्टरवर नाहीशी होतात. आणि स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवू नका. लोकांना वाचता येतं, ते आपल्यापेक्षा वेगाने वाचतात, आणि मग आपली वाट बघत बसतात.

देवनागरीवाल्यांसाठी खास सूचना: स्लाइड्सची पीडीएफ करून ठेवा आणि फॉन्ट तिच्यातच समाविष्ट झाला आहे ना ते दुसऱ्याच्या मशिनवर उघडून बघा. नाहीतर सगळीकडे चौकोन दिसतात. 'चौकोन का येतात' हा टॉकचा विषय असेल तरच ते चालेल.

६. डेमो: आधी करून बघा, मग पुन्हा करून बघा

'चॅलेंजर' यान २८ जानेवारी १९८६ ला कोसळलं, त्याची चौकशी करणाऱ्या आयोगात रिचर्ड फाइनमन होते. ११ फेब्रुवारीला, टीव्ही कॅमेऱ्यांसमोर, त्यांनी यानाच्या सांध्यात वापरतात त्या रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढल्यावर तो पटकन पूर्ववत फुगला नाही. थंडीत रबर कडक होतं, हे सगळ्या जगाला कळलं. आपल्याला वाटतं, काय हजरजबाबी माणूस! पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की बैठकीआधी त्यांनी तो प्रयोग गुपचूप करून बघितला होता. क्लॅम्प दुकानातून आणून ठेवला होता. आणि एवढं करूनही बैठकीत बर्फाचं पाणी समोर नव्हतं, ते मागवावं लागलं!

फाइनमनना तालीम लागते तर आपल्याला किती लागेल? माझा डेमो अगदी साधा होता: 'पुणे' हा शब्द पायथॉनमध्ये उलटा करायचा. कोड पॉइंट उलटे केले की सगळ्यात आधी मात्रा येते. तिला बसायला अक्षरच नसतं, म्हणून ती एका ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. मागून येतं 'णु' आणि मग 'प'. उकार 'प' ला सोडून 'ण' ला चिकटला! लोक हसतात आणि मुद्दा एका क्षणात पोहोचतो. पण पहिल्या तालमीत कळलं की माझ्या टर्मिनलला देवनागरी नीट काढताच येत नाही. सरळ 'पुणे' सुद्धा विस्कटलेलं दिसत होतं. ते विस्कटणं वेगळं आणि मला दाखवायचं होतं ते वेगळं. मग निकाल ब्राउझरमध्ये दाखवायची सोय केली. हे स्टेजवर कळलं असतं तर?

म्हणून डेमोचे तीन नियम. इंटरनेटवर अवलंबून राहू नका. स्टेजवर टाइप करायचं असेल तर चार ओळींच्या वर नको, कारण बोटं थरथरतात. आणि प्रत्येक पायरीचा स्क्रीनशॉट स्लाइड्सच्या शेवटी ठेवा. डेमो रुसला तर हसून तिकडे जायचं.

७. तालीम: भिंत, फोन, रूममेट आणि आजी

आता सगळ्यात महत्त्वाचं. मनातल्या मनात म्हणून बघणं म्हणजे तालीम नाही. मनात आपण फार सुंदर बोलतो.

पहिल्यांदा भिंतीसमोर मोठ्याने बोलले. एकतीस मिनिटं लागली. दुसऱ्यांदा फोनवर रेकॉर्ड केलं. ऐकलं तर दर वाक्याला 'बेसिकली'. तिसऱ्यांदा रूममेटसमोर. तिला आधीच सांगितलं होतं, 'छान झालं' म्हणायचं नाही, कुठे कंटाळा आला ते कागदावर वेळेसकट लिहायचं. 'नऊ मिनिटं, जांभई' असा शेरा मिळाला. तिथल्या तीन स्लाइड्स गेल्या.

चौथी तालीम ठरवून केली नव्हती. वीकेंडला घरी गेले होते, लॅपटॉप उघडा होता. आजी म्हणाली, "मला पण सांग की काय बोलणारेस ते." आजी मराठी शाळेत बत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली. मी सगळं इंग्लिशमधून पाठ केलेलं, तिच्यासाठी मराठीत सांगायला लागले आणि तिथेच अडखळले. 'विरामा कॅरॅक्टर' हे इंग्लिशमध्ये किती झोकात म्हणत होते! मराठीत काय म्हणायचं? आजी म्हणाली, "अगं, पाय मोडायचा म्हण की. स चा पाय मोडला आणि क ला जोडला. जोडाक्षर." दहा मिनिटं मी जे चित्र काढून समजावत होते ते तिने पाच शब्दांत सांगितलं.

मग मी ऐटीत म्हटलं, "आणि म्हणून आजी, माणसाला 'नमस्कार'मध्ये पाच अक्षरं दिसतात." माणसाला एक म्हणून दिसणाऱ्या गटाला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात, आणि ते मोजणारी लायब्ररी मी चालवून बघितली होती. उत्तर ५. स्लाइडवर मोठ्या अक्षरात ५.

आजीने बोटांवर मोजलं. "न, म, स्का, र. चार."

"नाही गं, पाच. न, म, पाय मोडका स, का, र."

"पाय मोडका स एकटा उभा कुठे राहतो? तो का ला टेकलाय ना? चार."

मी तिला समजवायला लागले की कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते तसं असतं वगैरे. ती काही बोलली नाही, भाजी निवडायला लागली. मला मात्र झोप येईना. टॉकचं मुख्य वाक्य 'माणसासाठी अक्षर', आणि पहिल्याच माणसाने सांगितलेलं उत्तर मी नाकारत होते. रात्री रूममेटला तेच तिच्या लॅपटॉपवर चालवायला सांगितलं. तिच्याकडे आलं ४!

दोघींचा कोड एकच, उत्तरं दोन. शोधल्यावर कळलं: गट कसे पाडायचे याचे युनिकोडचे नियम २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत बदलले. त्याआधी पाय मोडायच्या खुणेनंतर गट तुटायचा. नव्या नियमाने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांमधलं जोडाक्षर एकत्र धरतात. माझी लायब्ररी जुनी होती. म्हणजे आजी जे पहिलीच्या मुलांना शिकवत आली, ते प्रमाणात यायला २०२३ उजाडावं लागलं, आणि मी जुन्या लायब्ररीवर विश्वास ठेवून तिला चूक ठरवत होते. सकाळी उठून सांगितलं, "आजी, चारच." ती म्हणाली, "मग? काल काय वेगळं होतं?"

ही चूक स्टेजवर गेली असती. कोणी पकडली असती किंवा नसतीही, आणि न पकडणं जास्त वाईट, कारण चाळीस जण चुकीचा आकडा घरी घेऊन गेले असते. म्हणून सांगते, एक तालीम अशा माणसासमोर करा ज्याला तुमची परिभाषा येत नाही. इंग्लिश शब्दांच्या मागे लपायची जागा बंद झाली की आपल्याला किती समजलंय ते दिसतं. शाळेत मधल्या सुट्टीतही इंग्लिश बोलायची सवय लागलेल्या मला हे विसाव्या वर्षी कळलं. तुम्ही उशीर करू नका.

त्या दोन उत्तरांची मग मी एक स्लाइडच केली. टॉकमधली सगळ्यात चांगली स्लाइड तीच ठरली.

८. प्रश्न आणि 'माहीत नाही'

विचारले जातील असे दहा प्रश्न आधी लिहून काढा आणि त्यांची उत्तरं मोठ्याने देऊन बघा. 'देवनागरी एसएमएसमध्ये कमी अक्षरं का मावतात?' हा मी लिहिला होता आणि तो खरंच आला. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साधी इंग्लिश अक्षरं सात-सात बिटांत बसतात म्हणून १६०. देवनागरीत प्रत्येक कोड पॉइंटला दोन बाइट लागतात म्हणून ७०. पाठ होतं, धडाधड सांगितलं.

पुढचा प्रश्न यादीत नव्हता. मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, "आमच्या डेटाबेसमध्ये 'वऱ्हाड' शोधलं की काही नोंदी सापडतात, काही सापडत नाहीत. डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. का?"

पोटात गोळा आला. व्हायवावालं डोकं लगेच कामाला लागलं: काहीतरी एन्कोडिंगचं म्हणून वेळ मार. पण आजीचं 'चार' आठवलं. म्हटलं, "सर, मला माहीत नाही. मी शोधून पुढच्या मीटअपला सांगते." आणि वहीत लिहून घेतलं. आकाश कोसळलं नाही. काकांनी मान डोलावली आणि ते बसले.

'माहीत नाही' म्हणायची पद्धत एवढीच: स्पष्ट म्हणा, प्रश्न लिहून घ्या, आणि खरंच शोधा. शेवटचं केलं नाही तर पहिल्या दोनाला अर्थ नाही. मी शोधलं. मराठीतला तो आडवा अर्धा र, 'वऱ्हाड'मधला, दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साधा र, पाय मोडायची खूण, आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर नावाची न दिसणारी खूण. स्क्रीनवर दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन केलं तरी ते एक होत नाहीत. शोधण्याआधी दोन्ही एका रूपात आणायचं काम आपल्याच प्रोग्रॅमला करावं लागतं. आणि तो र वगळून चालत नाही. आजीचं उदाहरण: आचार्यांना जेवायला बोलवायचं आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाला, उलटं झालं तर दोघंही उपाशी! पुढच्या मीटअपला पाच मिनिटं मागून घेतली आणि हे सांगितलं. या वेळी हात मी स्वतः वर केला होता.

९. त्या दिवशी

पाऊण तास आधी पोहोचा. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडून बघा. एचडीएमआयचा अडॅप्टर स्वतःचा न्या, 'तिथे असेल' यावर विसंबू नका. स्लाइड्स पेनड्राइव्हवरही ठेवा. नोटिफिकेशन्स बंद करा, नाहीतर आईचा 'जेवलीस का' हा मेसेज चाळीस जण वाचतील. पाण्याची बाटली हाताशी ठेवा. पहिली दोन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं पाठ करा, बाकी पाठ करू नका. पाठ केलेलं एक वाक्य विसरलं की पुढची सगळी अडतात. समोर तीन ठिकाणी बसलेले तीन चेहरे निवडा आणि त्यांच्याशी आळीपाळीने बोला. आणि एखादा मुद्दा राहिला तर 'अरेच्चा, हे राहिलं' म्हणू नका. तो राहिला हे फक्त आपल्यालाच माहीत असतं.

माझा टॉक एकोणीस मिनिटांत संपला. एक मुद्दा राहिला. सुरुवातीला आवाज कापत होता, रूममेट म्हणते तिसऱ्या मिनिटाला थांबला. संपल्यावर एक ताई आल्या, कुठल्याशा कंपनीत फॉर्म बनवायचं काम करतात. म्हणाल्या, "सोमवारी गेल्या गेल्या आमचा नावाचा कॉलम तपासते. बाइटमध्ये आहे की अक्षरांत, मी कधी बघितलंच नव्हतं." टाळ्यांपेक्षा मला ते वाक्य मोठं वाटलं. कुठल्यातरी श्रीकृष्णाचं नाव कदाचित पूर्ण छापलं जाईल.

तर मित्रमैत्रिणींनो, सबमिशन्स, जर्नल्स, केटी हे सगळं चालूच राहणार. त्यातूनही वर्षातून एक प्रश्न असा निवडा जो तुम्हाला खरंच पडलाय, तो चार आठवडे धरून ठेवा आणि कोणालातरी समजावून सांगा. चाळीस खुर्च्या मिळाल्या तर उत्तम. नाही मिळाल्या तर घरी भाजी निवडत बसलेलं कोणीतरी असेलच. तिथून सुरुवात करा.

आणि टॉक द्यायला गेलात तर मला कळवा. मी मागच्या रांगेत असेन, सामोशासकट!